सेन्सर तेच, पुढचं पाऊल वेगळं

प्रश्न : मी मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये दोन न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारे) सिलिंडर आहेत : ‘ए’ जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, पकडतो, ‘बी’ तो दाबतो. दाबून मागे आल्यावर ‘ए’ सुटायच्या ऐवजी ‘बी’ पुन्हा पुढे धावतो. इंटरलॉक (चुकीची हालचाल रोखणाऱ्या अटी) वाढवत गेलो, आता लॅडर प्रोग्रॅम (शिडीसारख्या ओळींत काढलेला) मलाच वाचता येत नाही. पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) असताना लॉजिक सोपं करायच्या कागदी पद्धती शिकाव्यात का? करिअर ऑटोमेशनमध्येच करायचंय.

उत्तर : जरूर शिक, आणि सुरुवात याच प्रोजेक्टपासून कर.

तुझा क्रम असा : ए पुढे, बी पुढे, बी मागे, ए मागे. पहिल्या हालचालीनंतर सेन्सर काय सांगतात? ए पुढे, बी मागे. आणि तिसरीनंतर? अगदी तेच! पण पहिल्या वेळी बी पुढे जायला हवा, दुसऱ्या वेळी ए मागे. नुसत्या सेन्सरवरून हा फरक कळणारच नाही, मग इंटरलॉक कितीही लाव. आपण जातोय की परततोय, हे मशीनला लक्षात ठेवावं लागतं. त्याला एक मेमरी बिट पुरतो.

कॅस्केड पद्धत हेच शिकवते. एका गटात एक सिलिंडर दोनदा येणार नाही, असे गट पाड. तुझे दोनच पडतात : जाण्याचा आणि परतीचा. स्टार्ट दाबलं आणि ए मागे असेल, तर बिट ऑन. बिट ऑन असताना ए पुढे, तो पोहोचला की बी पुढे. बी पोहोचला की बिट ऑफ. मग बी मागे, तो आला की ए मागे. मूळ क्रम सहा ओळींत संपतो. पीएलसी नसलेल्या, निव्वळ हवेवरच्या सर्किटमध्ये हेच काम एक 5/2 (पाच तोंडं, दोन स्थिती असलेला) मेमरी व्हॉल्व्ह करतो.

कार्नो मॅप, म्हणजे लॉजिक सोपं करायचा चौकटींचा तक्ता, तोही शीक, पण नंतर. त्याने कॉन्टॅक्ट (लॅडरमधल्या अटींची चिन्हं) कमी होतात. माझ्या मते मात्र, रात्रपाळीत बिघाड शोधणाऱ्याला पटकन वाचता येतं ते लॉजिक सोपं.

काटछाट करताना इमर्जन्सी स्टॉपला हात लावू नकोस. वीज गेली तर काय होईल, तेही आधी ठरव : सिलिंडरची हवा वळवणारा व्हॉल्व्ह दोन विजेच्या कॉइलचा असेल तर होता त्याच स्थितीत राहतो, एका कॉइलचा स्प्रिंगने परततो. जॉब पकडणाऱ्या ‘ए’साठी हा फरक फार मोठा आहे.

नोकरीची सुरुवात शक्यतो मेंटेनन्समधून कर, मशीन बनवण्याकडे नंतर वळ. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम बंद मशीनसमोर उभं राहून वाचायची सवय तिथेच लागते. आणि तुझा जुना लॅडर पुसू नकोस. मुलाखतीला दोन्ही प्रिंट ने, बी पुन्हा का धावत होता ते कागदावर काढून दाखव.