होडी म्हणजे नुसते काळे फराटे?

प्रश्न: मुलीनं हॉलमध्ये लावायला फ्रेंच चित्रकार मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज'चं प्रिंट मागवलंय. रोज समोर दिसतं पण मला काही केल्या कळत नाही, होडी म्हणजे दोन-चार काळे फराटे, आतल्या माणसांना तोंडंच नाहीत, मागे सगळं धुकं. अर्धवट सोडल्यासारखं नाही का वाटत? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: वाटतं ना, आणि १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा लुई लरुआ या समीक्षकालाही तसंच वाटलं, वॉलपेपरचा कच्चा नमुनासुद्धा यापेक्षा पूर्ण असतो असं त्यानं लिहिलं आणि चित्राच्या नावावरून त्या प्रदर्शनातल्या चित्रकार मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं, तेच नाव पुढे चिकटलं.

पण आता एक करा. मोबाइलवर त्या प्रिंटचा फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. तो केशरी सूर्य जवळजवळ गायबच होतो! कारण तो भोवतीच्या आभाळापेक्षा उजळ नाहीच, फक्त रंग वेगळा आहे, म्हणून तर रंगीत चित्रात तो असा थरथरल्यासारखा दिसतो. होडी मात्र तशीच काळी ठळक राहते. मला विचाराल तर सगळं चित्र त्या होडीनंच धरून ठेवलंय. आणि ती एकटी नाही हं, तिच्या डावीकडे मागे दुसरी आहे, जरा फिकट, त्याच्याही मागे तिसरी, जेमतेम दिसेल अशी. धुकं किती दाट आहे आणि पाणी किती लांबवर गेलंय ते या तीन होड्यांवरूनच कळतं, माणसांची तोंडं रंगवली असती तर नजर तिथंच अडकली असती.

हे फ्रान्समधलं ल आव्र बंदर, मोने लहानाचा मोठा झाला ते गाव, १८७२ मध्ये त्यानं हॉटेलच्या खिडकीतून बघून रंगवलेलं. मागे नीट बघा, जहाजांच्या डोलकाठ्या, क्रेन, धूर सोडणारी धुराडी, सगळं आहे. कामाला लागलेलं बंदर आहे ते, आणि पहाटे एवढ्या लांबून माणूस आकारावरूनच ओळखायचा असतो, तुम्ही तर रत्नागिरीचे, जेट्टीवर हे बघितलं असेलच.

मूळ चित्र जेमतेम दीड फूट बाय दोन फूट आहे, पॅरिसच्या मार्मोतां म्युझियममध्ये. तुमचं प्रिंट सहा-सात फुटांवरून बघा आणि काचेत ट्यूबलाइट चमकत असेल तर आधी जागा बदला, नाहीतर ती तिसरी होडी दिसायचीच नाही.