भांडवल, भांडण आणि तोफ

प्रश्न असा आला आहे: "एका युद्धविरोधी सभेत वक्ते म्हणाले, भांडवल आणि भांडण हे शब्द एकाच धातूतून आले आहेत, म्हणून भांडवलशाहीतून युद्ध निघणारच, हे आपली भाषाच सांगते. हे बरोबर आहे का? आणि 'साम्राज्यवाद' म्हणावं की 'साम्राज्यशाही'?"

पहिल्याचं उत्तर: नाही. हे वाक्य मी व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. चीड येते ती मूळ म्हणणं मला पटतं म्हणून. नफ्यासाठी चालणारी व्यवस्था बाजार, कच्चा माल आणि गुंतवणुकीच्या जागा यांच्यासाठी राष्ट्रांना एकमेकांवर घालते, ही मार्क्सवाद्यांची मांडणी भक्कम आहे. तिला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू कशाला? समोरचा माणूस तो टेकू काढतो आणि जिंकल्यासारखा घरी जातो.

भांडण आलं 'भण्डन' वरून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भडि परिभाषणे' आहे, म्हणजे टोचून बोलणं, निंदा करणं. नकला करणारा भांड याच घरातला. भांडवलातला 'भाण्ड' वेगळा. भाण्ड म्हणजे पात्र, तसाच व्यापाराचा माल आणि त्यात अडकवलेला पैसाही. भाण्डागाराचं भांडार झालं. 'भण्ड' आणि 'भाण्ड' मराठीत येताना दोघांचाही 'भांड' झाला आणि वक्त्यांना कोटी सापडली.

आता '-वल'. काही जण 'बल' सांगतात, म्हणजे मालाचं बळ. साफ चूक. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो. फलाचं फळ, बलाचं बळ, कालाचा काळ. 'भाण्डबल' असतं तर आपण भांडवळ म्हणालो असतो. ल टिकतो तो प्राकृतात त्याचं द्वित्त झालं, म्हणजे तो दुहेरी झाला असेल तरच: कल्य, कल्ल, काल (आजच्या आदला दिवस), मूल्य, मुल्ल, मोल. म्हणून माझा तर्क असा की मूळ शब्द भाण्डमूल्य, मालात गुंतलेलं मोल. मधल्या म चा व होणं तर घरचंच आहे. ग्रामाचा गाव, नामाचं नाव, कोमलाचा कोवळा.

इथे माझे एक भाषाभ्यासक स्नेही दर वेळी गुजराती 'भंडोळ' (निधी, भांडवल) पुढे करतात. त्यात ळ आहे, तेव्हा मूळ 'भाण्डमूल' असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भंडोळ 'मूल' वरून आला असेल, मला अडचण नाही. पण मराठी शब्दाचा ल गुजरातीच्या साक्षीने ळ होत नाही. शेजारच्या पेढीवर मूळ, म्हणजे मुद्दल, मोजत होते, आपल्याकडे मोल मोजत होते, एवढंच यातून निघतं. मराठीच्या ध्वनिनियमाला बगल देऊन केलेली तुलना मी मानत नाही, ती कितीही मोठ्या अभ्यासकाने केली तरी.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि या वक्त्यांनी ती कशी सोडली हे मला कळत नाही. बखरी काढा, पेशवाईतली पत्रं काढा. तिथे 'भांडी' म्हणजे तोफा. भांडी डागतात, भांड्यांचा मार होतो. हे भांडं आणि स्वयंपाकघरातलं भांडं एकच. धातू वितळवून साच्यात ओतला की एकीकडे हंडा होतो, दुसरीकडे तोफ. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला अशीच ओतली गेली. म्हणजे ज्या भाण्डातून व्यापाऱ्याचं भांडवल निघालं, त्याच भाण्डातून तोफही निघाली. भांडण लांबचंही नातेवाईक नाही. तोफ मात्र भांडवलाची सख्खी बहीण आहे.

मार्क्स आणि एंगेल्स यांनी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात लिहिलं की मालाची स्वस्ताई हीच भांडवलदारांची जड तोफ, तिने ते चीनच्या भिंती पाडतात. जर्मनमध्ये ही उपमा आहे. आपल्याकडे भांडवल आणि तोफ यांचा मूळ शब्दच एक. शिवाय सहाच वर्षांपूर्वी, पहिलं अफूयुद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंगच्या तहाने, चीनची पाच बंदरं उघडली होती ती स्वस्ताईने नव्हे, ब्रिटिश आरमाराच्या खऱ्या तोफांनी. त्या युद्धामागच्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जात होता. माल पुढे, तोफ मागे. कधी तोफ पुढे, माल मागे.

मार्क्सवादी विचारवंत रोझा लुक्झेंबुर्ग यांनी १९१३ साली भांडवलसंचयावरच्या ग्रंथात आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचं शेवटचं प्रकरण लष्करशाहीवर आहे. कामगाराच्या मीठमिरचीवर अप्रत्यक्ष कर बसतो, विखुरलेले पैसे सरकारच्या हाती एकवटतात आणि त्यातून शस्त्रकारखान्याला एक मोठी, खात्रीची मागणी मिळते. इथे तोफ बाजार उघडण्याचं साधन राहत नाही, ती स्वतःच बाजार होते. एसेनचा क्रुप कारखाना जर्मनीला तोफा देत होता, तसाच रशियाला, तुर्कस्तानला आणि चीनलाही. भाण्ड म्हणजे माल आणि भाण्ड म्हणजे तोफ, हे दोन अर्थ एसेनमध्ये एका छपराखाली नांदत होते.

शुम्पेटर या अर्थशास्त्रज्ञाने १९१९ साली उलट मांडलं. भांडवलशाही मुळात शांतताप्रिय, युद्धखोरी हा जुन्या सरंजामी वर्गाचा अवशेष, असं त्यांचं मत. हे मला सपशेल अमान्य आहे. घोड्यावर सरंजामदार बसला असेल, पण क्रुपची हिशेबवही सरंजामदार लिहीत नव्हता.

त्याच सभांमधलं आणखी एक वाक्य: "ढगात वादळ असतं तसं भांडवलशाहीत युद्ध असतं, असं जोरेस म्हणाले." फ्रेंच समाजवादी पुढारी ज्याँ जोरेस ७ मार्च १८९५ ला फ्रेंच संसदेत जे बोलले, त्यात त्या जागी 'भांडवलशाही' हा शब्द नाही. 'तुमचा हा हिंसक, विस्कळीत समाज' असं ते समोरच्यांना म्हणाले. शांतता हवी असतानाही तो पोटात युद्ध बाळगतो, निजलेल्या ढगात वादळ असावं तसं. 'निजलेला' हे विशेषण गाळलं की त्या वाक्यातलं भय निघून जातं. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसमध्ये त्यांना गोळी घातली गेली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने सैन्याची जमवाजमव जाहीर केली. अशा माणसाचं वाक्य तरी नीट म्हणा.

राहिला साम्राज्यवाद की साम्राज्यशाही. कोश दोन्हींना एकाच अर्थाला बसवतात. 'वाद' म्हणजे मत, धोरण. 'शाही' म्हणजे राज्य, चालू असलेली व्यवस्था. जर्मन मार्क्सवादी काउत्स्की म्हणत होते की साम्राज्यविस्तार हे वित्तभांडवलाने (बँका आणि उद्योग यांच्या एकवटलेल्या भांडवलाने) पसंत केलेलं एक धोरण आहे, म्हणजे ते बदलता येईल आणि बड्या सत्ता समजुतीने जग वाटून घेतील. १९१६ साली झुरिकमध्ये लेनिन याच्याविरुद्ध लिहीत होते: हे धोरण नाही, मक्तेदारीला पोचलेल्या भांडवलशाहीची अवस्था आहे. जग वाटून संपलं आहे, आता फेरवाटप होईल ते बळानेच. आफ्रिकेचा युरोपीय सत्तांच्या ताब्यातला भाग १८७६ मध्ये १०.८ टक्के होता, १९०० मध्ये ९०.४, हे आकडे त्यांनी त्यासाठीच दिले. तेव्हा काउत्स्कींचं मत सांगताना 'साम्राज्यवाद' म्हणा. लेनिनचं सांगताना 'साम्राज्यशाही'.