‘स्वखुशीने गेलो’ या अर्जाखाली काय दडलंय

प्रश्न असा आहे: भूतान सोडून नेपाळच्या छावण्यांत आलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांनी स्थलांतराच्या अर्जावर स्वतः सह्या केल्या, मग त्याला हकालपट्टी का म्हणायचं? आणि खरे नागरिक होते तर कागद का नव्हते?

कागद पुष्कळांकडे होते. 1985 च्या नागरिकत्व कायद्याने जन्मसिद्ध नागरिकत्वासाठी आई-वडील दोघंही भूतानी हवेत असं ठरवलं. नोंदणीने हवं तर 31 डिसेंबर 1958 पर्यंतचा रहिवास आणि गृहखात्याच्या रजिस्टरात नाव. 1988 मध्ये दक्षिण भूतानात जनगणना झाली तेव्हा पुरावा म्हणून नेमकी 1958 सालची शेतसाऱ्याची पावती मागितली. त्याआधीची पावती दाखवली तरी अनेकांना नकार मिळाला, नंतरची तर बादच. तीस वर्षांपूर्वीची, त्याच एका सालाची पावती आपल्याकडच्या किती घरांत सापडेल?

मग लोकांचे सात वर्ग पाडले. एफ-1 म्हणजे अस्सल भूतानी, एफ-7 म्हणजे परके. परदेशी बायको एफ-4, परदेशी नवरा एफ-5. एकाच चुलीवर जेवणारी माणसं वेगवेगळ्या वर्गांत गेली. एखाद्या कुटुंबाचं प्रकरण वाचताना म्हणूनच कुटुंबप्रमुखाच्या कागदावर थांबू नका. प्रत्येकाचा वर्ग स्वतंत्र पाहा, आईचा तर आधी.

आता सह्यांबद्दल. सप्टेंबर 1990 मध्ये दक्षिण भूतानात सरकारविरोधी निदर्शनं झाली, त्यानंतर तिथल्या शाळा बंद झाल्या. शाळाप्रवेश, नोकरी, व्यापाराचा परवाना, सगळ्याला पोलिसांचा ना-हरकत दाखला लागू लागला, आणि घरातला एक जण आंदोलनात होता म्हटलं की तो अख्ख्या घराला मिळेना. धरपकड आणि मारहाण चालूच होती. अशा वेळी पुढे देश सोडण्याचा अर्ज आला तो जोंगखा या भूतानच्या राष्ट्रभाषेत, जी अनेकांना वाचता येत नव्हती. जमिनीचा तुटपुंजा मोबदला हातात देताना फोटो काढले, हसायला सांगितलं. ही सही स्वखुशीची मानणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या सहीचा कायदेशीर परिणाम पुढे दिसला. कोण खरे भूतानी हे ठरवायला भूतान आणि नेपाळच्या संयुक्त पथकाने 2001 मध्ये नेपाळमधल्या खुदुनाबारी छावणीत पडताळणी सुरू केली. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला त्यात स्थान नव्हतं. जून 2003 च्या निकालात जबरदस्तीने घालवलेले ठरले फक्त अडीच टक्के. सुमारे 70 टक्के ‘स्वेच्छेने गेलेले’. त्यांना परतायचं तर नागरिकत्वासाठी नव्याने अर्ज करावा लागणार होता, तोही त्याच 1985 च्या कायद्याखाली. म्हणजे सही ज्या दबावाखाली घेतली तो दबाव हिशेबात धरलाच नाही. डिसेंबर 2003 मध्ये छावणीत भूतानी अधिकाऱ्यांवर हल्ला झाला आणि ती प्रक्रिया थांबली. त्या पडताळणीनंतर एकही कुटुंब परत गेलं नाही.

2007 नंतर तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झालं. 1 लाख 10 हजारांहून जास्त लोक गेले, बहुतेक अमेरिकेत. पण पुनर्वसनाने भूतानी नागरिकत्व परत मिळालं नाही. 2025 मध्ये अमेरिकेने त्यांतल्या काहींना भूतानला परत पाठवलं, तेव्हा भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर आणून सोडलं.

तेव्हा असं प्रकरण हाती आलं तर सहीच्या तारखेशेजारी तीन गोष्टी लिहा: घरातल्या कुणाला अटक झाली होती का, ना-हरकत दाखला कधी नाकारला, आणि अर्ज वाचून कुणी दाखवला.