जिम बदलली तर लेकीचं वर्ष वाया जाईल का?

नोव्हेंबरात डॅलसजवळचं एक मराठी जोडपं चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आलं. मुलगी ऑल-स्टार चिअरलीडिंग करते, म्हणजे शाळेच्या नव्हे, खासगी जिमच्या संघातून स्पर्धेत उतरते. दुसऱ्या जिमने तिला वरच्या लेव्हलच्या संघात जागा देऊ केली होती. आईने बसता बसताच विचारलं, "ताई, आत्ता जिम बदलली तर तिचं वर्ष वाया जाईल का हो?"

हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो. निवड चाचण्या बहुतेक ठिकाणी वसंतात होतात, उन्हाळ्यात अडीच मिनिटांचं रूटीन, म्हणजे स्पर्धेतलं सादरीकरण, बसवतात आणि पुढच्या वसंतापर्यंत तेच घोटतात. यूएसएएसएफ या ऑल-स्टारच्या अमेरिकी संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धांत मुलीचं नाव जिमच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, लागतं. ऑरलँडोला 2004पासून 'वर्ल्ड्स' ही जागतिक स्पर्धा भरते; तिथली बिड, म्हणजे प्रवेशाची जागा, मिळते ती संघाला. मुलगी निघाली तरी बिड जुन्या जिमकडेच राहते.

म्हणून मी त्यांना तीन प्रश्न नव्या जिमला ईमेलने विचारायला लावले. जुन्या जिमकडून यंदा उतरलेली मुलगी तुमच्याकडून यंदाच उतरू शकते का? कोणकोणत्या स्पर्धेत? जुन्या जिमचं लेखी पत्र लागेल का? फोनवरचं "बघू, होऊन जाईल" धरून चालू नका, हे मी अगदी बजावून सांगते. जुन्या जिमशी केलेला करारही काढून वाचायला सांगितला. हंगाम अर्धा सोडला तरी बरेचदा फी पूर्ण भरावी लागते.

हे बोलणं चाललं असताना मुलगी बॅगेला बांधलेल्या जुन्या जिमच्या हेअर-बोची रिबीन बोटाला गुंडाळत होती. बोट पांढरं पडलं होतं. आईबाबांना बाहेर बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "मी बेस आहे. मी गेले तर आमची फ्लायर कोणाच्या हातावर उभी राहणार?" दोन बेस खालून उचलून धरतात, बॅकस्पॉट मागून सावरते, फ्लायर वर उभी राहते. चौघींत एक कमी झाली की स्टंट नव्याने बसवावा लागतो. तिला वर्ष वाया जाण्याची भीती नव्हतीच.

मी तिला विचारलं, तिथे कुणी दुखापतीवर उभं करतं का, अंगावर ओरडतं का? असं असतं तर रोस्टरचा विचार न करता त्याच दिवशी बाहेर पडा म्हटलं असतं. तसं काही नव्हतं.

आठवड्याने ईमेलचं उत्तर आलं: यंदा फक्त सराव, स्पर्धा पुढच्या हंगामात. बाबा बराच वेळ ते वाचत राहिले. मग थांबायचं ठरलं.

एप्रिलमध्ये शेवटची स्पर्धा झाल्यावर तिने तिघींना स्वतः सांगितलं. फ्लायर आधी रडली, आणि मग तिने नव्या जिमच्या चाचणीची तारीख विचारली. तिलाही जायचं होतं.