'ओहेमा' आणि 'राजमाता'

घानातील 'क्वीनमदर' या पदासाठी मराठीत 'राजमाता' हा शब्द चालेल का, अशी विचारणा एका अनुवादक भगिनींनी केली आहे. 1900 साली असांते लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध केलेल्या युद्धावरील लेख त्या मराठीत आणत असून, त्यात याआ असांतेवा यांचा उल्लेख 'एजिसूच्या (असांते प्रदेशातील एका नगराच्या) क्वीनमदर' असा आहे. (मूळ नाव 'या' असेही लिहिता येईल, परंतु मराठीतील सर्वनामाशी घोटाळा होऊ नये म्हणून 'याआ' हे लेखन सोयीचे.)

माझ्या मते असांतेंसह सर्व अकान लोकांच्या संदर्भात 'राजमाता' टाळावा आणि मूळचा 'ओहेमा' हाच शब्द ठेवावा. 'राजमाता' म्हटले की मराठी वाचकाला जिजाऊ आठवतात, म्हणजेच मुलगा राजा असल्यामुळे त्या नात्याने मान मिळालेली स्त्री डोळ्यांसमोर येते. ओहेमा हे मात्र नाते नसून पद आहे. अकान भाषेत प्रमुखाला 'ओहेने' म्हणतात आणि 'ओहेमा' हे त्याच शब्दाचे स्त्रीवाचक रूप आहे. त्यात 'आई' हा अर्थ कोठेही नाही. असांतेंची राजधानी कुमासी, तेथील गादीचेच उदाहरण पाहा. असांतेंचे राजे ओसेई तुतू दुसरे 1999 मध्ये गादीवर आले, तेव्हा त्यांच्या आई नाना आफिया कोबी सेरवा आंपेम दुसऱ्या या असांतेहेमा, म्हणजे संपूर्ण असांते राज्याच्या ओहेमा होत्या. 2016 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ते पद राजांच्या भगिनी नाना कोनादू यियाडोम तिसऱ्या यांच्याकडे गेले. राजा तोच असताना त्याच्या बहिणीला 'राजमाता' म्हणण्याची वेळ ज्या शब्दामुळे येते, तो शब्द येथे बसत नाही, हे उघड आहे.

'राणी' हा पर्याय त्याहून अधिक दिशाभूल करणारा आहे. मराठीत पदवाचक नामाचे स्त्रीलिंगी रूप बहुधा पत्नीकडे झुकते: 'पाटलीण' म्हणजे पाटलाची बायको, असेच आपण प्रथम समजतो. ओहेमा ही राजाची पत्नी नसते. राजपत्नीसाठी अकान भाषेत 'ओहेनेयेरे' हा वेगळा शब्द आहे. अकान समाजात कूळ आईकडून चालते, त्यामुळे ओहेने आणि ओहेमा हे एकाच मातृकुळातील असतात, तर पत्नी दुसऱ्या कुळातून आलेली असते.

या पदाचे अधिकार पाहिले म्हणजे शब्दाच्या निवडीला इतके महत्त्व का द्यायचे, ते कळते. गादी रिकामी झाली की कुळातील कोणत्या पुरुषाला ओहेने करावे, हे नाव ओहेमाच सुचवते. मानकरी मंडळी ते नाकारू शकतात, परंतु पहिला शब्द तिचा असतो, कारण कुळाची वंशावळ तिला ठाऊक असणे अपेक्षित असते. तिचे आसन स्वतंत्र, दरबार स्वतंत्र, आणि ओहेनेला तोंडावर खडसावण्याचा हक्कही तिचाच. 1896 मध्ये ब्रिटिशांनी राजे प्रेंपे पहिले यांच्याबरोबर त्यांच्या मातोश्री असांतेहेमा याआ आक्या यांनाही हद्दपार केले, आणि एजिसूचे प्रमुखही त्यांच्यासोबत गेले. चार वर्षांनी ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन याने असांतेंचे सुवर्णासन, म्हणजे त्यांच्या राज्याचे पवित्र प्रतीक, मागितले, तेव्हा एजिसूच्या ओहेमा याआ असांतेवा यांनी लढ्याचे नेतृत्व केले. पुढे त्यांनाही सेशेल्स बेटांवर पाठवण्यात आले आणि 1921 मध्ये त्या तेथेच वारल्या. अशा कर्तृत्वाला कोणाच्या तरी आईपणाचे लेबल लावणे मला अन्यायाचे वाटते. असांतेंचा अभ्यास करणारे ब्रिटिश अधिकारी रॅट्रे यांनी 1923 मध्ये नोंदवले आहे, की या स्त्रियांविषयी आम्हाला आजवर का सांगितले नाही, असे विचारता वृद्धांनी उत्तर दिले: गोऱ्या माणसाने ते कधी विचारलेच नाही, तो फक्त पुरुषांशीच व्यवहार करीत आला.

घानाच्या 1992 च्या राज्यघटनेतील 277 व्या कलमात 'चीफ' या संज्ञेच्या व्याख्येतच 'क्वीनमदर' समाविष्ट आहे. तेथे तो एकच जोडशब्द म्हणून लिहिला आहे. त्यामुळे कायदेविषयक मजकुरात 'क्वीनमदर' असे देवनागरीत ठेवून पुढे 'पारंपरिक स्त्री-प्रमुख' असा खुलासा द्यावा.

मात्र 'राजमाता' हा शब्द पश्चिम आफ्रिकेसाठी सरसकट बाद करू नये. नायजेरियातील बेनिन राज्यात 'इयोबा' ही खरोखरच ओबाची, म्हणजे राजाची आई असते. सोळाव्या शतकातील ओबा एसिगी यांच्या मातोश्री इडिया यांना 'राजमाता' म्हणणे अगदी यथार्थ आहे. याउलट योरुबा नगरांतील 'इयालोदे' ही स्त्रियांची नगरप्रमुख. तिचा राजाशी रक्तसंबंध असावाच लागत नाही. एकोणिसाव्या शतकात या पदावर असलेल्या मादाम टिनुबू आणि इबादानच्या एफुनसेतान अनिवुरा या दोघी मोठ्या व्यापारी होत्या. दाहोमे या पश्चिम आफ्रिकेतील जुन्या राज्यात 'क्पोजितो' ही तर राजाची जन्मदात्री नसली तरी त्याच्या आईच्या पदावर बसवली जाई. तेथे 'पदसिद्ध राजमाता' असा शब्दप्रयोग चालू शकेल.

आता व्याकरणाचे. 'ओहेमा' स्त्रीलिंगी मानावा आणि व्यक्तीविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन वापरावे. 'ओहेमांनी नाव सुचवले', 'ओहेमांचा दरबार' अशी रूपे सहज होतात आणि 'ओहेमेने' हे कानाला खटकणारे रूप टळते. प्रश्नकर्त्या भगिनींनी पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'एजिसूच्या ओहेमा, म्हणजे तेथील राजकुळाच्या स्त्री-प्रमुख, याआ असांतेवा' असे लिहावे आणि त्यानंतर नुसते 'ओहेमा' पुरेसे मानावे.