हाताने घडवलेल्या सुऱ्यांचा संग्रह सुरू करायचा आहे. पहिली सुरी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत नोकरी आहे, हाताने घडवलेल्या सुऱ्या जमवायच्या आहेत, पहिल्या सुरीसाठी ४०० डॉलर बाजूला काढलेत. दमास्कस, म्हणजे पोलादाचे थर एकत्र ठोकून नक्षी उमटवलेल्या पात्याची सुरी, घेऊ का, आणि पुढे तिची किंमत वाढेल का?

दमास्कस इतक्यात नको. आणि किंमत वाढेल या आशेवर तर कुठलीच सुरी नको.

मी अटलांटाजवळ राहतो. इथे दर जूनमध्ये ‘ब्लेड शो’ हे सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यामुळे हा नाद मला लागला नसता तरच नवल. तिथे टेबलांवर नवखा माणूस नक्षी बघतो, मुठीच्या लाकडाचे रेषे बघतो, पॉलिश बघतो. ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो ती गोष्ट मात्र दिसतच नाही, ती म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलंय. १०८४ हे साधं कार्बन पोलाद घ्या. ते साधारण ८१५ अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवतात. त्या वेळी ते इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर तुटू शकतं. मग २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा शेकतात, तेव्हा कुठे ते धार टिकण्याइतकं कठीण आणि वापरण्याइतकं चिवट होतं. यात घिसाडघाई झालेली सुरी आणि नीट पाणी दिलेली सुरी शेजारी ठेवल्या तर तुम्हाला काय, मलाही नुसतं बघून फरक सांगता येणार नाही.

म्हणून कोणीतरी खात्री द्यावी लागते. अमेरिकेत ते काम बऱ्याच अंशी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी करते. १९७६ साली मेरीलँडच्या बिल मोरान यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. तिची ‘जर्नीमन’, म्हणजे पहिल्या दर्जाच्या लोहाराची परीक्षा वाचूनच मला या लोकांबद्दल आदर वाटायला लागला. स्वतः घडवलेलं एकच पातं. त्याने आधी खाली मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग ‘टू बाय फोर’, म्हणजे बांधकामातली दोन बाय चार इंची म्हणतात ती लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची. एवढं झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस उतरले पाहिजेत. आणि शेवटी ते पातं व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं. धारेला थोडी चीर गेली तर चालते, मोडलं तर नापास. पातं अर्थातच भंगारात जातं. त्यानंतर पाच तयार सुऱ्या परीक्षकांपुढे ठेवायच्या, त्यात फिनिशिंगची चिरफाड होते. ‘मास्टर’ व्हायचं तर हीच कसरत किमान ३०० थरांच्या दमास्कस पात्याने करावी लागते. पास झालेला माणूस पात्यावर नावाजवळ जे.एस. (जर्नीमन स्मिथ) किंवा एम.एस. (मास्टर स्मिथ) असा ठसा मारतो. ठसा नसलेले उत्तम लोहारही पुष्कळ आहेत, पण तुम्हाला अजून नजर नाही, तेव्हा पहिली खरेदी ठसा बघून करा. ४०० डॉलरमध्ये जर्नीमनची साधी, साडेतीन-चार इंच पात्याची हंटर, म्हणजे शिकारीची सुरी, मिळू शकते. मास्टरची मिळणं अवघड.

‘घण मारून घडवलेलीच खरी’ असं कोणी छातीठोकपणे सांगेल. तेही सोडून द्या. कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस पोलादाची पट्टी घासून पातं काढायचे, आणि त्यांच्या सुऱ्यांसाठी संग्राहक आजही हजारो डॉलर मोजतात.

आता दमास्कस. १९७३ मध्ये मोरान यांनी नाइफमेकर्स गिल्ड या सुरी-कारागिरांच्या संघटनेच्या प्रदर्शनात दमास्कसच्या सुऱ्या मांडल्या आणि अमेरिकेत ही कला पुन्हा उभी राहिली. आज बहुतेक जण १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांचे थर एकत्र ठोकतात. दुसऱ्यात निकेल असल्यामुळे फेरिक क्लोराइड या रसायनात बुडवल्यावर ते उजळ राहतं, पहिलं काळवंडतं, आणि नक्षी उमटते. त्यात कष्ट आहेत, कोळसा-गॅस आहे, वाया गेलेले तुकडे आहेत. त्या सगळ्याची किंमत ४०० डॉलरमध्ये बसवायची म्हटली की कुठेतरी काटछाट होणारच. इंटरनेटवर ६० डॉलरला मिळणाऱ्या सुऱ्यांचं तर बोलूच नका, पोलाद कोणतं ते विकणाराही सांगत नाही. एक सोपी खूण: नक्षी पात्याच्या पाठीवरून पलीकडे गेलेली दिसली पाहिजे. पाठीच्या कडेशीच थांबत असेल तर ती वरवर कोरलेली आहे.

सुरी हातात घ्यायच्या आधी विचारा, आणि पात्याला बोट लावू नका. कार्बन पोलादावर घामाचा ठसा उमटतो आणि तिथेच गंज धरतो. अंगठ्याने धार बघणारा माणूस दिसला की टेबलामागच्या लोहाराचा चेहरा बघण्यासारखा होतो! पाठीच्या रेषेवरून एक डोळा मिटून बघा, पातं सरळ आहे का. गार्ड, म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी, आणि पातं जिथे भेटतात तिथे फट दिसते का बघा. मग सरळ विचारा: पोलाद कोणतं, पाणी तुम्हीच देता का, पितळी सळईची चाचणी करता का. ही चाचणी साधी असते. धार सळईवर तिरकी टेकवून हलकेच दाबतात. धार किंचित लवून परत सरळ झाली तर ठीक. लवलेलीच राहिली तर पोलाद मऊ, टवका उडाला तर फार कडक. चांगला लोहार या प्रश्नांनी खुलतो, मग त्याला थांबवणं कठीण जातं.

मुठीसाठी साधं लाकूड किंवा मायकार्टा (राळेत घट्ट केलेलं कापड) घ्या. जुन्या अमेरिकी सुऱ्यांवर दिसणारं सांबराचं शिंग आपल्याकडूनच जायचं. भारताने त्याची निर्यात बंद केल्यावर ते महागलं. शिंग किंवा हस्तिदंत असलेली सुरी भारतात न्यायचा विचारही करू नका, वन्यजीव कायदा आडवा येईल. भारताच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळली आहेत. छोटी हंटर असली तरी विमानात ती चेक-इन बॅगेतच.

घरी आणल्यावर कातडी म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पितळी गार्ड हिरवा पडतो. पातं पुसून मेणाचा पातळ हात द्या, म्यान वेगळं ठेवा. आणि वापरा. भाजी चिरा, दोरी कापा. वापरल्याशिवाय दुसरी सुरी कशी हवी हे कळत नाही.

पैशांचं म्हणाल तर, बहुतेक सुऱ्या विकताना घेतल्यापेक्षा कमी येतात. मोजक्या नावांचं वेगळं. त्यांच्या टेबलावर तर विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकतात. तुम्ही त्या रांगेत सध्या उभे राहू नका. जूनमध्ये अटलांटाला आलात तर शुक्रवारी नुसतं फिरा, आवडलेल्या तीन-चार लोहारांशी बोला, आणि रविवारी दुपारी पुन्हा जा. उरलेला माल परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, भावात थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. मात्र शुक्रवारीच एखादी मनात भरली तर तेव्हाच घ्या, रविवारपर्यंत ती राहत नाही.