नीट पुन्हा द्यायची की संशोधनाकडे वळायचं?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क नीटमध्ये पडले नाहीत आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नाही. आम्ही म्हणतो, एक वर्ष ड्रॉप घे आणि पुन्हा दे. ती म्हणते, मला डॉक्टर नाही व्हायचं, फुप्फुसाच्या आजारावर संशोधन करायचंय. तिच्या आजोबांनी सातपूरला फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आयुष्य काढलं, त्यांना सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार आहे. काम सोडून बरीच वर्षं झाली, मग आजार अजून वाढतो कसा, हे तिला शोधायचंय. नीट टाळण्यासाठी तर ती असं म्हणत नसेल ना? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार ताई,

नीटला कंटाळलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात. त्यांना काय नको ते सांगता येतं, काय हवं ते सांगता येत नाही. तुमच्या लेकीने तर नेमका प्रश्न विचारलाय, आणि या विषयातले मोठमोठे शास्त्रज्ञ त्याच प्रश्नामागे आहेत. तिला तो कितपत गंभीर आहे हे कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फौंड्रीत साचे वाळूचे असतात. साचा फोडताना, कास्टिंग घासताना सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला जंतू गिळायचा आणि पोटातल्या पाचक पिशवीत जिरवायचा, हे त्यांचं काम. सिलिकाचा कणही त्या गिळतात, पण तो जिरत नाही. पिशवी फाटते. मग पेशीतली एनएलआरपी-३ इन्फ्लमासोम ही यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा संदेश बाहेर सोडते. त्या हाकेला आणखी पेशी धावून येतात, सूज वाढते. पहिली पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तोच कण गिळते. फौंड्री सुटली तरी कण फुप्फुसातच असतात, म्हणून हे चक्र थांबत नाही, आणि मऊ फुप्फुसाची जागा हळूहळू घट्ट तंतू घेत जातात.

इन्फ्लमासोमची कल्पना २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चोप यांच्या गटाने मांडली. सिलिका हीच यंत्रणा चेतवते हे २००८ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवलं. ज्या उंदरांमध्ये एनएलआरपी-३ नव्हतं, त्यांच्या फुप्फुसात सूज आणि तंतू दोन्ही कमी आढळले. एवढं कळूनही सिलिकोसिस बरा करणारं औषध आज आपल्याकडे नाही. संदेश सरसकट अडवला की दुसरीकडून धोका उभा राहतो, ही एक मोठी अडचण. सांधेदुखीसाठी टीएनएफ हा सूज वाढवणारा असाच दुसरा संदेश अडवणारी औषधं आली, तेव्हा काही रुग्णांच्या शरीरात दबून असलेला क्षयरोग उसळला. २००१ मध्ये हे ठळकपणे पुढे आलं. (सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबीचा धोका तसाही जास्त असतो. आजोबांना ताप, वजन घटणं किंवा वाढलेला खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, आणि फौंड्रीत काम केल्याची नोंद त्यांच्या केसपेपरवर आहे ना, तेही बघा.)

आता हे तिच्यासाठी.

बाळा, प्रश्न चांगला आहे, पण त्याच्यामागे रोज काय करावं लागतं ते बघून घे. नमुन्यात असा संदेश किती आहे हे मोजणारी एलायझा नावाची चाचणी असते, तिची प्लेट ९६ खाचांची. प्रत्येक खाचेत मोजून नमुना घालायचा, थांबायचं, धुवायचं, पुढचं रसायन घालायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी काही खाचा पिवळ्या होतात, काही पांढऱ्याच राहतात, आणि त्या पिवळेपणावरून कुठल्या नमुन्यात संदेश किती होता ते मोजायचं. थेंब मोजून घालायची नळी, पिपेट, एकदा चुकली की दिवस गेला. सगळं बरोबर करूनही उत्तर 'काहीच फरक नाही' असं येऊ शकतं. हे ऐकून तुला कंटाळा येतो की हात शिवशिवतात? ओळखीतल्या छातीच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या ओपीडीतही थोडे दिवस बसून बघ. पेशंटशी बोलताना तू जास्त रमलीस, तर तेही आम्हाला सांग. मत बदललं म्हणून कोणी रागावणार नाही.

ताई, डॉक्टर होऊनही संशोधन करता येतं. सौम्या स्वामिनाथन यांनी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं, पुढे चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. एमबीबीएस झालेल्यांना सीएसआयआर-नेट ही संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते. तेव्हा लेक स्वतःहून म्हणाली तर ड्रॉप जरूर घ्या. तुमच्या आग्रहाखातर घेऊ नका. मन नसताना क्लासला बसलेल्या मुलांचे मार्क फारसे वाढत नाहीत, हे मी कॉलेज रोडवरच्या क्लासेसमध्ये पुष्कळदा पाहिलंय.

एमबीबीएसशिवायचा रस्ता म्हणजे आयसर, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था. त्याची परीक्षा आयएटी, ६० प्रश्नांची. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी १५. तिचा ग्रुप पीसीबी, म्हणजे गणिताशिवायचा, असेल तर गणित आजपासून हातात घ्यावं लागेल. पुण्याच्या आयसरमध्ये पहिल्या वर्षीही गणित टाळता येत नाही. तिथे नाही जमलं तर नाशिकमध्येच केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजला मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी, मग चांगल्या विद्यापीठातून एमएस्सी. या वाटेला कमी लेखू नका. एमएस्सीनंतर नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढली की पीएचडीसाठी राष्ट्रीय संस्थांची दारं उघडतात : पेशींवरच्या कामासाठी पुण्याची एनसीसीएस, रोगप्रतिकारशक्तीसाठी दिल्लीची एनआयआय, दम्यावरच्या कामासाठी दिल्लीचीच आयजीआयबी. धुळीच्या आजारांसाठी तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, तिथे सिलिकोसिसवरच काम चालतं. तिच्या वेबसाइटवरची माहिती लेकीला आजच वाचायला द्या.

पैशांचंही स्पष्ट सांगते. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर पडत नाही. पण बारावीपासून पीएचडी हातात येईपर्यंत दहा-अकरा वर्षं जातात, त्यानंतरही बहुतेकांना काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, करावं लागतं आणि कायम नोकऱ्या थोड्या असतात. लस आणि औषध कंपन्यांत कामं आहेत, पुण्यात विशेषतः. तिच्या लग्नाचं, घराचं तुमच्या मनात जे गणित असेल ते या वर्षांशी ताडून बघा आणि तिच्या बाबांसमोर, तिच्यासमोर मोकळेपणाने बोला.

या महिन्यात एवढं करा : ओपीडीचं जमवा, अकरावीचं गणिताचं पुस्तक आणा, आणि बारावीनंतरच्या वर्षी आयएटी देण्याची अट काय आहे ते अधिकृत माहितीपत्रकात स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मग लेकीलाच मला पत्र लिहू द्या.